जुना मॉनिटर आणि थकलेले डोळे

विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर लोकलने दोनदा कापून आणि दिवसभर कार्यालयातील पडद्यासमोर बसून रात्री घरी परतलेला माणूस पुन्हा घरच्या संगणकापुढे बसतो, तेव्हा त्याचे डोळे आधीच थकलेले असतात. घरचा मॉनिटर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असला, तर डोळ्यांची जळजळ, कपाळ दुखणे, अक्षरे पुसट दिसणे या साऱ्याचे खापर त्याच्यावर फुटते. ‘मॉनिटर जुना झाला, डोळे बिघडवतो’ असा निष्कर्ष निघतो आणि मग नवा मॉनिटर तरी घेतला जातो, नाहीतर निळा प्रकाश अडवणारा चष्मा. प्रत्यक्षात जुना मॉनिटर केवळ वयामुळे त्रास देतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्याची सेटिंग्ज आणि त्याची जागा पहिल्या दिवसापासून कधी नीट लावलेलीच नसते. ती लावण्यास पैसे लागत नाहीत; अर्धा-पाऊण तास लागतो.

वसई-विरार पट्ट्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली येथील औद्योगिक वसाहतींतील लहान गाळ्यांत हिशेबाचा संगणक चालू आहे तोवर बदलण्याचा विचार कोणी करत नाही. झेरॉक्स आणि डीटीपीची दुकाने, टंकलेखनाचे वर्ग, शिकवणीवर्ग यांची स्थितीही वेगळी नसते. नालासोपाऱ्यातील एका खोलीच्या घरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलासाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना संगणक आणला जातो, तो परवडतो म्हणून. अशा वापरकर्त्याला ‘नवा घ्या’ हा सल्ला देणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच आहे.

संगणकावर काम करताना डोळ्यांना होणाऱ्या त्रासाला वैद्यकीय भाषेत ‘कॉम्प्युटर व्हिजन सिंड्रोम’ असे नाव आहे. डोळ्यांची आग होणे, डोळे कोरडे पडणे किंवा उलट त्यांतून पाणी येणे, नजर एका अंतरावरून दुसऱ्या अंतरावर पटकन न बसणे, डोके आणि मान दुखणे ही त्याची लक्षणे. पडद्याकडे पाहिल्याने प्रौढ माणसाची दृष्टी कायमची बिघडते याला आधार नाही. विश्रांतीनंतर त्रास ओसरतो. मात्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची गती गाठायची असलेल्या उमेदवाराला, किंवा पानाच्या हिशेबाने टायपिंग करणाऱ्याला, त्रास तात्पुरता आहे हे ऐकून फारसा दिलासा मिळत नाही. डोळे मिटून बसलेला तास त्याच्या गतीतून किंवा कमाईतून वजा होतो.

आधी मॉनिटर ओळखावा

‘जुना मॉनिटर’ या नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू येतात. एक, मागे मोठे पोट असलेला, काचेच्या नळीचा सीआरटी मॉनिटर. राज्यात २००० नंतरच्या दशकात घराघरांत आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांत संगणक पोहोचला, तो बहुधा याच रूपात. त्याचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. तरी काही कार्यालयांत आणि जुन्या सीएनसी यंत्रांच्या नियंत्रकांवर तो अद्याप तग धरून आहे. दुसरा, त्यानंतर आलेला चपटा एलसीडी मॉनिटर, विशेषतः ज्याच्या पडद्यामागे एलईडीऐवजी बारीक फ्लुरोसंट नळ्या आहेत असा. आज ‘जुना मॉनिटर’ म्हटला की बहुतेक ठिकाणी हाच अभिप्रेत असतो. दोघांचे दोष वेगळे आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक.

सीआरटी : लुकलुक हेच मूळ

सीआरटीच्या पडद्यावरील चित्र स्थिर भासले तरी ते स्थिर नसते. इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक ओळ उजळवत जातो आणि उजळलेली ओळ क्षणार्धात पुन्हा मंदावते. हे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जाते, तो त्याचा रिफ्रेश रेट. तो ६० हर्ट्झ असेल तर अनेकांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर लुकलुक जाणवते. ज्यांना ती उघडपणे जाणवत नाही, त्यांनाही काही वेळाने डोके जड होण्याचा अनुभव येतो. तपासणी सोपी आहे. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि नजर पडद्यावर न ठेवता बाजूच्या भिंतीवर ठेवावी. डोळ्याचा कडेचा भाग लुकलुक टिपण्यात मध्यभागापेक्षा तरबेज असतो. पडदा थरथरताना दिसला तर दोष सापडला.

हा दर ७५ आणि शक्य असल्यास ८५ हर्ट्झवर नेल्यास फरक तत्काळ कळतो. विंडोज एक्सपीच्या काळात मॉनिटर नीट ओळखला गेला नाही की संगणक निमूटपणे ६० हर्ट्झवर चालत राही आणि ते बदलता येते हे कित्येकांना वर्षानुवर्षे ठाऊकच नसे. एक्सपीमध्ये ही सोय डिस्प्ले प्रॉपर्टीजमधील सेटिंग्जच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणामागे, मॉनिटरच्या पानावर दडलेली होती. विंडोज १० व ११ मध्ये ती डिस्प्लेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या भागात आहे.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. रिझोल्यूशन जितके जास्त, तितका शक्य असलेला दर कमी. पूर्वीच्या स्वस्त १५ इंची सीआरटींची ओळी रेखाटण्याची कमाल क्षमता बहुधा सेकंदाला ५४ हजारांच्या आसपास असे. ८०० बाय ६०० या रिझोल्यूशनला ८५ हर्ट्झसाठी सुमारे ५३,७०० ओळी लागतात. म्हणजे ते जेमतेम बसते. १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झसाठी ४८,४०० ओळी पुरतात, पण ७५ हर्ट्झसाठी सुमारे ६० हजार लागतात आणि मॉनिटर हात टेकतो. ‘पडद्यावर जास्त मावावे’ म्हणून मोठे रिझोल्यूशन निवडणारा वापरकर्ता अशा रीतीने नकळत लुकलुक विकत घेतो. १५ इंचीसाठी ८०० बाय ६०० आणि १७ इंचीसाठी १०२४ बाय ७६८ हा जुना संकेत डोळ्यांच्या दृष्टीने आजही योग्य आहे. मॉनिटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडचा दर मात्र कधीही निवडू नये. जुन्या मॉनिटरचे मंडल त्यामुळे जळू शकते.

वसईच्या खाडीपलीकडे राहणाऱ्यांसाठी सीआरटीचा आणखी एक दोष ओळखीचा आहे, आणि त्याचे मूळ विजेच्या इतिहासात आहे. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास राज्यभर भारनियमन चालू असताना मुंबईत दिवे जळत असत. महावितरणच्या क्षेत्रात असलेल्या वसई तालुक्यात मात्र ते ठराविक तासांना जात. त्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर आणि संगणकासाठी यूपीएस आले, आणि जागेअभावी ते टेबलावर मॉनिटरला खेटूनच ठेवले गेले. यूपीएस, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांच्यातील ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडील विजेप्रमाणे सेकंदाला ५० वेळा बदलते. मॉनिटर ६० हर्ट्झवर असेल तर या दोहोंतील फरकामुळे सारे चित्र सेकंदाला १० वेळा बारीकसे हेलकावे खाते, आणि सलग मजकूर वाचणाऱ्याला ते मळमळ आणण्याइतके त्रासदायक ठरू शकते. असे उपकरण तीन-चार फूट दूर सरकवले की हेलकावे बहुधा थांबतात. त्यासाठी मेकॅनिक बोलावण्याची गरज नसते. साध्या स्पीकरमधील चुंबकामुळे पडद्याच्या कोपऱ्यात जांभळट-हिरवे डाग उमटतात. तो दूर करून ‘डीगॉस’ची सोय वापरावी.

जुन्या तांब्याच्या चोकवरील ट्यूबलाइटही सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ती मॉनिटरच्या लुकलुकीत भर घालते. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगल्या प्रतीची एलईडी ट्यूब लावल्यास हा भाग निकालात निघतो.

सीआरटीच्या काळात पडद्यापुढे अडकवण्याची ‘अँटिग्लेअर स्क्रीन’ जोरात खपली, ती ‘किरणां’च्या भीतीपोटी. प्रतिबिंब कमी करण्यापुरता तिचा उपयोग होता. क्ष-किरण अडवण्याचे काम मात्र मॉनिटरच्या शिसेयुक्त जाड काचेनेच आधी केलेले असे. आज ती धूळ आणि ओरखडे यांनी भरलेली असल्यास काढून टाकणेच इष्ट. तिच्यामुळे अक्षरे अधिकच धूसर होतात. काचेवर स्थिर विजेमुळे धूळ झपाट्याने जमते. मॉनिटर बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने ती आठवड्यातून एकदा पुसावी. मागचे झाकण मात्र कोणीही घरी उघडू नये. रंगीत सीआरटीत सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

जुना एलसीडी : लुकलुक कमी, धूसरपणा अधिक

एलसीडीवर ६० हर्ट्झ हाच योग्य दर असतो. तो वाढवण्याच्या खटपटीने काही साधत नाही. येथे मुख्य शत्रू आहे धूसरपणा. प्रत्येक एलसीडीला ठिपक्यांची एक जन्मजात संख्या असते आणि नेमक्या त्याच रिझोल्यूशनवर त्याची अक्षरे रेखीव दिसतात. १५ इंचीसाठी बहुधा १०२४ बाय ७६८, चौकोनी १७ व १९ इंचीसाठी १२८० बाय १०२४, रुंद १८.५ इंचीसाठी १३६६ बाय ७६८ अशी ही संख्या असते. अक्षरे लहान वाटतात म्हणून रिझोल्यूशन खाली आणणे ही सर्वाधिक आढळणारी चूक. त्याने अक्षर मोठे होते पण त्याच्या कडा पसरतात, आणि डोळ्यातील स्नायू न जुळणारी प्रतिमा जुळवण्याच्या प्रयत्नात शिणत राहतात. रिझोल्यूशन जन्मजात ठेवून अक्षरांचे आकारमान १२५ टक्के करणे हा खरा उपाय.

जुना मॉनिटर सहसा निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने जोडलेला असतो. ती केबल लहरींच्या रूपात संदेश नेते आणि ठिपक्यांचा मेळ किंचित चुकला की पडद्यावर उभे धूसर पट्टे उमटतात. मजकुराने भरलेले पान पूर्ण पडद्यावर उघडून मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण दाबावे. मेळ आपोआप बसतो. रिकाम्या पडद्यावर हे बटण दाबल्यास मॉनिटरला मोजमाप घ्यायला काही सापडत नाही, म्हणून पान भरलेले हवे. मॉनिटरला आणि संगणकाला डीव्हीआयची जोडणी असल्यास ही कटकटच उरत नाही. विंडोजमधील ‘क्लियरटाइप’ ही अक्षरे गुळगुळीत करणारी सोयही तपासून पाहावी. एक्सपीमध्ये ती आरंभी बंद असे, व्हिस्टापासून सुरू मिळू लागली. ती एलसीडीसाठी रचलेली आहे; सीआरटीवर तिचा लाभ निश्चित नसतो, क्वचित अक्षरांना रंगीत कडाही दिसतात.

पडद्यामागील फ्लुरोसंट नळ्या वयानुसार मंद आणि पिवळसर होतात. सुरू केल्यावर पूर्ण तेज येण्यास त्यांना काही मिनिटे लागतात. पडदा पहिल्या पाच-दहा मिनिटांत लालसर किंवा गुलाबी दिसू लागला, तर नळ्या अखेरच्या टप्प्यात आहेत असे समजावे. पडदा उघडपणे फडफडत असेल तर मात्र नळ्यांपेक्षा आतील वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरवर संशय घ्यावा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या अनेक संगणकीय उपकरणांतील कपॅसिटर सदोष निघाले होते; ते फुगतात. ते बदलून देणे जाणत्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी किरकोळ काम आहे आणि त्यावर मॉनिटर आणखी काही वर्षे निघू शकतो.

एलईडीचे पहिल्या काळातील काही मॉनिटर वेगळीच खोडी करतात. तेज कमी केले की ते प्रकाश मंद करण्याऐवजी झपाट्याने चालू-बंद करतात. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरल्यावर काळे सरकते पट्टे दिसले, तर हाच प्रकार असण्याची दाट शक्यता असते. संवेदनशील व्यक्तींनी अशा मॉनिटरचे तेज फार खाली न आणता खोलीतला दिवा वाढवावा.

प्रकाश किती असावा याचा एक जुना आणि बिनखर्चाचा मापदंड आहे : वर्तमानपत्र किंवा पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा. पडद्यावरचे पांढरे पान त्या कागदाहून झगझगीत दिसत असेल तर तेज जास्त आहे, करडे दिसत असेल तर कमी. सीआरटीवर ‘ब्राइटनेस’ने काळा रंग ठरतो आणि ‘कॉन्ट्रास्ट’ने पांढरा. म्हणून आधी काळा भाग खरोखर काळा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा आणि मग कॉन्ट्रास्टने कागदाशी जुळणी करावी. एलसीडीवर ब्राइटनेस म्हणजे मागचा दिवाच. अनेक सीआरटी कारखान्यातून निळसर ९३०० केल्विनवर लावून येत. रंगांच्या मेनूतील ६५०० केल्विन हा पर्याय कागदाच्या अधिक जवळ जातो. ही जुळणी दिवसा आणि रात्री वेगवेगळी करावी लागते, हे बहुतेक जण विसरतात. अंधाऱ्या खोलीत एकट्या पडद्याच्या उजेडात काम करणे कोणत्याही मॉनिटरवर वाईटच.

देवनागरी वाचताना

मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत सर्वसाधारण सल्ल्यात एक उणीव राहते. इंग्रजीसाठी पुरेसा ठरणारा अक्षरांचा आकार देवनागरीसाठी अपुरा पडतो. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, ऋकार, मध्ये जोडाक्षरे. इतके सारे त्याच उंचीच्या ओळीत बसवावे लागते. इंचाला सुमारे ९६ ठिपके असलेल्या जुन्या पडद्यावर ‘क्ष’, ‘द्ध’, ‘द्व’ यांच्यातील पोकळ जागा एक-दोन ठिपक्यांची उरते आणि किंचित धूसरपणातही ती भरून जाते. मग वाचक अक्षर न वाचता संदर्भाने ओळखू लागतो. मुद्रितशोधन करणारा तसे करू शकत नाही. त्याला अनुस्वार आहे की नाही हे पाहावेच लागते, आणि म्हणून तो पडद्याच्या जवळ सरकतो.

विंडोज २००० पासून मिळणारा मंगल हा फाँट लहान आकारात गिचमीड दिसतो; विंडोज ८ पासून आलेला निर्मला यूआय तुलनेने मोकळा आहे. कोणताही फाँट असो, काम करताना मजकूर १४ ते १६ पॉइंटला किंवा पानाचे दृश्य १३०-१५० टक्क्यांवर ठेवावे. छापील प्रतीसाठी १२ पॉइंट हवा असेल तर तो तसाच राहतो. दृश्य मोठे केल्याने छपाई बदलत नाही. डीटीपीच्या दुकानांत एकाच पडद्यावर पूर्ण पान दिसावे या आग्रहापायी नेमके उलट केले जाते.

टेबल, खिडकी आणि पंखा

डोळे आणि पडदा यांत ५० ते ७० सेंटिमीटर, म्हणजे हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतके अंतर असावे. सीआरटीच्या बाबतीत हे बोलणे सोपे आणि करणे कठीण. १७ इंची सीआरटीची खोली ४० सेंटिमीटरच्या वर जाते आणि साध्या टेबलावर ठेवल्यावर तो जवळजवळ वापरकर्त्याच्या मांडीवर येतो. लहान खोलीत यावर चांगला तोडगा म्हणजे कोपरा. मॉनिटर भिंतींच्या कोनात तिरपा ठेवला की त्याचे पोट कोपऱ्यात जाते आणि पुढे हातभर जागा मोकळी होते. कीबोर्डसाठी बाहेर सरकणारा कप्पा असल्यास अंतर आणखी वाढते.

उंचीबाबत उलटी चूक होते. आडव्या सीपीयूवर मॉनिटर चढवून ठेवण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. याचे कारण केवळ मान नव्हे. नजर खाली असताना पापणी डोळ्याचा अधिक भाग झाकते आणि अश्रूंचा थर कमी सुकतो. वर पाहत काम करणाऱ्याचे डोळे सताड उघडे राहतात.

कोरडेपणा हे या त्रासाचे फार मोठे कारण आहे. माणूस एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण पाच-सात वेळांवर येते. आर्द्र किनारपट्टीवर कोरडेपणा कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा किंवा चेहऱ्यावर सोडलेला टेबल फॅन ती आर्द्रता निष्फळ करतो. त्याआधी तासभर लोकलच्या दारातला वारा डोळ्यांवर घेतलेला असतो आणि आत उभे राहायला जागा मिळाली तर मोबाइल पाहिलेला असतो. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येणार नाही असे बसावे आणि घरी आल्यावर लगेच संगणक सुरू न करता डोळ्यांना काही वेळ द्यावा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. लाली घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि त्याच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतात.

प्रतिबिंबाचा शोध मॉनिटर बंद असताना घ्यावा. काळ्या पडद्यात जे जे उजळ दिसते, खिडकी, ट्यूब, समोरच्या भिंतीवरील काच, ते काम करतानाही मजकुरावर पसरलेले असते. सीआरटीची फुगीर काच तर खोलीचा मोठा भाग गोळा करते. पश्चिमेकडे खिडकी असलेल्या घरांत दुपारी तीननंतर समुद्राच्या बाजूचे तिरके ऊन थेट आत येते. खिडकी पाठीमागे असली तर ती पडद्यात दिसते, समोर असली तर डोळे दिपवते. पडदा खिडकीला काटकोनात, म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असा ठेवावा.

कागदावरील उतारा पाहून टंकलेखन करणाऱ्यांनी कागद टेबलावर आडवा ठेवू नये. कागद ३५ सेंटिमीटरवर आणि पडदा ६० वर असला तर डोळ्यांना मिनिटाला कित्येकदा अंतर बदलावे लागते. पॅडला टेकू देऊन कागद पडद्याशेजारी, त्याच अंतरावर उभा करावा.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे, हा नियम आता सर्वपरिचित आहे. दहा बाय दहाच्या खोलीत २० फूट आणायचे कुठून, हा प्रश्न रास्तच. गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीकडे पाहिले तरी चालते. तेही शक्य नसेल तर समोरच्या भिंतीवर आरसा लावून त्यात पाठीमागच्या भिंतीचे प्रतिबिंब पाहावे. डोळ्यांच्या दृष्टीने अंतर आरशापर्यंतचे नव्हे, तर आरशापर्यंत आणि तेथून वस्तूपर्यंतचे मिळून मोजले जाते. लहान दुकानातील चष्मेवाले नजर तपासताना हीच युक्ती वापरतात.

चष्म्याचा प्रश्न

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबाबत २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सहा देशांतील १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे डोळ्यांचा ताण अल्पकाळात कमी होतो असे त्यात दिसून आले नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी अशा चष्म्याची शिफारस करत नाही. तेवढ्या पैशांत जुन्या मॉनिटरचे कपॅसिटर बदलून होतात.

नंबराचा चष्मा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. मॉनिटर आणि टेबल यांची सारी मांडणी करूनही आठवडाभरात फरक पडला नाही, तर दोष मॉनिटरचा नसून नजरेचा असण्याची शक्यता धरावी. थोडासा लंबगोल नंबर रस्त्यावर जाणवत नाही, पण चार तास मजकूर वाचताना कपाळ दुखवतो. मधुमेहात साखर वर-खाली झाली तर नजरही वर-खाली होते. चाळिशी लागलेल्यांची अडचण तर निव्वळ गणिताची आहे. ४० सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी डोळ्याला अडीच डायॉप्टर इतकी ताकद लागते, ६० सेंटिमीटरवरील पडद्यासाठी सुमारे १.६७. वाचनाचा चष्मा लावून पडदा पुसट दिसतो म्हणून माणूस पुढे वाकतो. दूरच्या चष्म्याने तर दिसतच नाही. दुहेरी काचेचा चष्मा असलेला खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतो आणि मानेचे दुखणे ओढवून घेतो. अशांना पडद्याच्या अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घेणे हिताचे. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणे, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, दोन-दोन दिसणे किंवा लाल होऊन तीव्र दुखणे ही पडद्याच्या थकव्याची लक्षणे नव्हेत; तेथे नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

मॉनिटरची अक्षरे कोणत्याही सेटिंगने रेखीव होत नसतील, सीआरटी ७५ हर्ट्झपर्यंत पोहोचतच नसेल किंवा जळका वास येऊ लागला असेल, तर तो बदलण्याची वेळ आली असे मानावे. त्या वेळी जुना एलसीडीदेखील खराब सीआरटीपेक्षा बरा. टाकाऊ सीआरटी भंगारात फोडण्यास देऊ नये; त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे.

नजर तपासण्यास जाताना बहुतेक जण चष्मेवाल्याला ‘संगणकावर काम करतो’ एवढेच सांगतात. त्याऐवजी नेहमीच्या बैठकीत बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर घरातील कोणाकडून तरी टेपने मोजून घ्यावे आणि तो आकडा, मॉनिटर डोळ्यांच्या वर आहे की खाली हेही नमूद करून, कागदावर लिहून न्यावा.